हॅरल्ड कॅम्पिंग आणि २१ मे २०११ : तारखेच्या आधी काय बिघडलं होतं?

२०११ सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत अमेरिकेच्या हमरस्त्यांवर जागोजागी एकच तारीख दिसत होती : २१ मे. त्या दिवशी देवाचा न्याय सुरू होणार असं फलकांवर लिहिलेलं असे, आणि सोबत सोनेरी शिक्क्यात एक ओळ : ‘बायबल याची हमी देतं.’ गावोगाव फिरणाऱ्या गाड्यांवर तोच मजकूर, चौकाचौकांत वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत तोच मजकूर. इतर देशांतही फलक लागले, पत्रकं अनेक भाषांत छापली गेली. हे करणारी संस्था होती कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची ‘फॅमिली रेडिओ’. तारीख काढली होती तिचे प्रमुख हॅरल्ड कॅम्पिंग यांनी. तेव्हा ते ८९ वर्षांचे होते.

भाकीत मोघम नव्हतं. त्या शनिवारी जगात जिथे जिथे संध्याकाळचे सहा वाजतील तिथे तिथे महाभूकंप सुरू होईल. सुमारे २० कोटी विश्वासणारे प्रभूला भेटायला वर उचलले जातील. मागे राहिलेल्यांना पाच महिने यातना, आणि २१ ऑक्टोबरला सगळ्या सृष्टीचा शेवट. प्रशांत महासागरातल्या बेटांवर आणि न्यूझीलंडमध्ये सर्वांत आधी सहा वाजले, वाजून गेले, आणि काही झालं नाही. मग आशिया, युरोप, न्यूयॉर्क, शेवटी कॅलिफोर्निया.

त्या आठवड्यात जगभर या लोकांची टिंगल झाली. मला ती तेव्हाही सहन झाली नाही आणि आजही होत नाही. कारण ज्यांनी त्या तारखेवर विश्वास ठेवला ते बायबल न वाचणारे लोक नव्हते. रोज वाचणारे, गुडघे टेकून प्रार्थना करणारे, उत्पन्नाचा दशांश चर्चला देणारे लोक होते. आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ज्यांना आपण ‘विश्वासात भक्कम’ म्हणतो, नेमके तसे. म्हणून आमच्या बायबल-अभ्यासात खोट्या शिक्षणाचा विषय निघाला की मी हेच प्रकरण पुढे ठेवतो. त्यातून मला एकच गोष्ट सांगायची असते. २१ मेची तारीख हा शेवटचा टप्पा होता. बिघाड त्याच्या तेवीस वर्षं आधी झाला होता, आणि तो आकड्यांत झाला नव्हता.

माणूस आणि त्याचा आवाज

कॅम्पिंग यांचा जन्म १९२१ चा, कोलोरॅडोतल्या बोल्डरचा. १९४२ साली त्यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढे स्वतःचा बांधकामाचा व्यवसाय केला. धर्मशास्त्राचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. १९५८ साली काही जणांसोबत त्यांनी फॅमिली रेडिओ सुरू केलं. १९६१ पासून ‘ओपन फोरम’ हा कार्यक्रम सुरू झाला : लोकांनी फोन करून बायबलमधले प्रश्न विचारायचे आणि कॅम्पिंग यांनी उत्तरं द्यायची. जड, संथ आवाज. चिडणं नाही, आरडाओरडा नाही. बाकीच्या वेळात जुनी स्तोत्रं आणि शास्त्रवाचन. दशकानुदशकं आजारी माणसं, ट्रकवाले, रात्रपाळीचे कामगार त्या आवाजाच्या सोबतीने जगले.

रेडिओच्या कामाचा ते पगार घेत नसत. राहणी साधी होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण खोटा शिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महागड्या गाडीतून उतरणारा, आजार बरे करण्याच्या सभेत पाकिटं गोळा करणारा माणूस येतो. तसे लोक आहेतच, आणि २ पेत्र २:३ मध्ये (बायबलमधलं पेत्राचं दुसरं पत्र, अध्याय २, वचन ३) लोभामुळे बनावट गोष्टी सांगून फायदा उठवणाऱ्यांचा उल्लेख स्पष्ट आहे. पण पैशाचा लोभ ही एकमेव खूण मानली तर कॅम्पिंग यांच्यासारखा माणूस सहज निसटतो. प्रामाणिक माणूसही खोटं शिकवू शकतो. त्याचा प्रामाणिकपणा बघून लोक तपासणं सोडून देतात, तेव्हा तो लोभी माणसापेक्षा जास्त नुकसान करून जातो.

१९८८

कॅम्पिंग ख्रिश्चन रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीचे सभासद होते. अलामेडा गावच्या मंडळीत ते ‘वडील’, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक, होते आणि प्रौढांचा रविवारचा बायबल वर्ग घेत. त्यांच्या शिकवणीत आकडे आणि गूढ अर्थ जसजसे वाढत गेले तसतसे मंडळीतले जबाबदार लोक अस्वस्थ झाले आणि त्यांनी आक्षेप घेतला. १९८८ साली कॅम्पिंग यांनी ती मंडळी सोडली. त्यांच्या वर्गातले बरेच जण त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि त्यांचा स्वतंत्र गट तयार झाला.

मतभेद होऊन माणसं मंडळी बदलतात, हे आपल्याकडेही घडतं. त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. नंतरच्या वर्षांत कॅम्पिंग शिकवू लागले की मंडळीचं युगच संपलं आहे. पवित्र आत्म्याने जगातल्या सगळ्या मंडळ्या सोडल्या आहेत, तिथे आता सैतानाचं राज्य आहे, म्हणून खऱ्या विश्वासणाऱ्यांनी बाहेर पडावं. बाप्तिस्मा नको, प्रभुभोजन नको, पाळक नको, वडील नकोत. आणि देवाने मंडळ्या सोडल्याची तारीख त्यांनी कोणती दिली? २१ मे १९८८. ज्या वर्षी त्यांनी आपली मंडळी सोडली तेच वर्ष.

हे त्यांनी कपटाने केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे त्यालाही हिशेब होता : सृष्टीची निर्मिती ख्रिस्तपूर्व ११०१३ मध्ये, आणि तिथून १३००० वर्षं मोजली की १९८८ येतं. पण एका माणसाचा मंडळीशी बिनसलेला संबंध साऱ्या जगाच्या इतिहासाचा टप्पा होऊन बसला. त्यांच्या श्रोत्यांपैकी कोणी हे त्यांना विचारू शकलं असतं का? विचारायला कोण उरलं होतं? १ करिंथ १४:२९ मध्ये प्रेषित पौल सांगतो की संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी ते पारखावं. पारखणारे ‘इतर’ हजर असल्याशिवाय ही आज्ञा पाळताच येत नाही. कॅम्पिंग यांनी आधी त्या इतरांना सैतानाच्या बाजूचं ठरवलं. त्यानंतर कोणत्याही पाळकाने त्यांची चूक दाखवली तरी ती चूक ठरेना, उलट मंडळ्या भ्रष्ट झाल्याचा पुरावा ठरू लागली. रेडिओवर फोन यायचे, प्रश्न विचारले जायचे, पण शेवटचा शब्द नेहमी एकाच माणसाचा असे.

पहिली तारीख आणि तिचं पुढे काय केलं गेलं

२०११ च्या बातम्यांत एक गोष्ट पुरेशा जोरात सांगितली गेली नाही. ही त्यांची पहिली तारीख नव्हती. १९९२ साली त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहून सप्टेंबर १९९४ मध्ये ख्रिस्त येईल असं मांडलं होतं. पुस्तकाच्या नावात सालानंतर प्रश्नचिन्ह होतं, पण वाचणाऱ्यांनी प्रश्नचिन्हावर भरवसा ठेवला नव्हता. ६ सप्टेंबर १९९४ ला त्यांचे लोक अलामेडाच्या एका सभागृहात जमले, मुलांना रविवारचे चांगले कपडे घातलेले, उघडी बायबलं आकाशाकडे धरलेली. ती रात्रही गेली.

अनुवाद १८:२०-२२ मध्ये यासाठी साधी कसोटी आहे. परमेश्वराच्या नावाने कोणी बोलला आणि ते घडलं नाही, तर ते परमेश्वराने सांगितलेलं नव्हे. तो माणूस उद्धटपणे बोलला आहे, त्याला भिऊ नका. १९९४ मध्ये ही कसोटी लावून गोष्ट संपायला हवी होती. मग लोकांनी ती का लावली नाही? माझ्या मते दोन कारणं होती. पहिलं, संदेष्ट्याची कसोटी आपल्या शिक्षकाला कशी लागणार, असं त्यांना वाटलं. ‘आम्हाला दर्शन झालेलं नाही, आम्ही फक्त बायबल उघडून हिशेब करतो’ अशी त्यांची भूमिका होती. पण २ पेत्र २:१ ही पळवाट आधीच बंद करतं. पूर्वी लोकांत खोटे संदेष्टे झाले, तसे तुमच्यातही खोटे शिक्षक होतील, असं पेत्र लिहितो. दर्शनाचा दावा नसला, हातात नुसता ग्रंथ असला, म्हणून शिक्षक जबाबदारीतून सुटत नाही. फलकावर बायबलच्या नावाने हमी दिल्यानंतर तर मुळीच नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. चुकलेली तारीख टाकून दिली गेली नाही. ती जपून नव्या आराखड्यात बसवली गेली. २१ मे १९८८ पासून २१ मे २०११ पर्यंत बरोबर ८४०० दिवस होतात. हा कॅम्पिंग यांनी महासंकटाचा, म्हणजे शेवटाआधीच्या मोठ्या संकटाचा, काळ धरला. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस त्यातून मोजले की ७ सप्टेंबर १९९४ येतो. म्हणजे १९९४ मध्ये काहीच घडलं नाही असं आता म्हणता येईना. त्या दिवशी अदृश्य काहीतरी घडलं, महासंकटाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि देव मंडळ्यांच्या बाहेर लोकांना वाचवू लागला, असं ठरलं. एकदा ही युक्ती हाताशी आली की कुठलंही भाकीत खोटं पडू शकत नाही.

हिशेब

कॅम्पिंग यांचा हिशेब इथे नीट मांडतो, कारण त्यात चूक शोधायला बसलेले अनेक जण बेरीज-वजाबाकी तपासून थकले. बेरीज-वजाबाकी बरोबरच आहे.

पहिला हिशेब जलप्रलयाचा. प्रलय ख्रिस्तपूर्व ४९९० मध्ये झाला असं त्यांनी धरलं. उत्पत्ती ७:४ मध्ये देव नोहाला सांगतो की अजून सात दिवसांनी पाऊस पाडीन. २ पेत्र ३:८ म्हणतं की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. म्हणून सात दिवस म्हणजे ७००० वर्षं. ४९९० अधिक २०११, आणि शून्य साल नसल्यामुळे एक वजा : ७०००.

आता २ पेत्र ३ उघडून आठव्या वचनावर बोट ठेवा आणि खाली वाचत जा. नववं वचन सांगतं की प्रभू विलंब करत नाही, तो धीर धरतो, कारण कोणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. दहावं वचन सांगतं की प्रभूचा दिवस, म्हणजे न्यायाचा दिवस, चोरासारखा येईल. ज्या वचनातून कॅम्पिंग यांनी वर्ष काढलं, त्याच्या दोन वचनं खाली वर्ष काढता येणार नाही असं लिहिलेलं आहे. पेत्र लोकांना काळ मोजायला शिकवत नाही. उशीर का होतोय म्हणून थट्टा करणाऱ्यांना तो उत्तर देतोय. आठवं वचन त्या उत्तराचा भाग आहे. ते तिथून उपटून नोहाच्या तारवाशेजारी नेऊन लावलं की त्यातून काहीही काढता येतं.

दुसरा हिशेब वधस्तंभाचा. आजच्या पंचांगाप्रमाणे मागे मोजून ख्रिस्ताचं मरण १ एप्रिल ३३ ला धरलं. तिथपासून २१ मे २०११ पर्यंत दोन्ही टोकांचे दिवस धरून ७२२५०० दिवस होतात. ही संख्या ५ × १० × १७ चा वर्ग आहे. कॅम्पिंग यांच्या मते ५ म्हणजे प्रायश्चित्त, १० म्हणजे पूर्णता, १७ म्हणजे स्वर्ग. म्हणजे प्रायश्चित्त, पूर्णता, स्वर्ग, आणि पुन्हा प्रायश्चित्त, पूर्णता, स्वर्ग. हे ऐकताना अंगावर काटा येतो, हे मी मान्य करतो. इतकं सुबक काही आपोआप जुळेल असं मनाला पटत नाही.

म्हणून मी आमच्या अभ्यासगटात दुसरा हिशेब करून दाखवतो. आरंभ तोच, मोजण्याची रीत तीच. फक्त आकडे बदला : ७ म्हणजे परिपूर्णता, १० म्हणजे पूर्णता, १२ म्हणजे देवाची प्रजा, कारण बारा वंश आणि बारा प्रेषित. हे अर्थ कॅम्पिंग यांच्या १७ पेक्षा बायबलमध्ये कितीतरी घट्ट रुजलेले आहेत. ७ × १० × १२ म्हणजे ८४०. त्याचा वर्ग ७०५६००. वधस्तंभापासून इतके दिवस मोजले की येते ११ फेब्रुवारी १९६५. त्या दिवशी जगाचा शेवट झाला नाही. हिशेब मात्र तितकाच सुबक आहे. आकडे निवडायचं, त्यांचे अर्थ ठरवायचं, आरंभ ठरवायचं आणि दोन टोकं धरायची की नाही तेही ठरवायचं स्वातंत्र्य एकाच माणसाकडे असेल, तर त्याला हवी ती तारीख हाती लागणारच. मग ती सापडल्याचा त्याला मनापासून आनंद होतो आणि तो आनंद त्याला देवाकडून आलेला वाटतो.

‘तो दिवस कोणालाच ठाऊक नाही’ याचं काय केलं?

मत्तय २४:३६ कॅम्पिंग यांनाही पाठ होतं. त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी स्वर्गातल्या दूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये उठलेला ख्रिस्त शिष्यांना पुन्हा तेच सांगतो की काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही. कॅम्पिंग यांचं उत्तर असं, की ही वचनं मंडळीच्या युगासाठी होती. दानीएल १२:९ प्रमाणे काही गोष्टी अंतसमयापर्यंत मुद्रा लावून बंद केलेल्या होत्या, त्या आता उघडल्या. उपदेशक ८:५ म्हणतं की ज्ञानी मनुष्याच्या मनाला समय आणि न्याय कळतो. आणि १ थेस्सलनीका ५:४ म्हणतं की बंधूंनो, तुम्ही अंधारात नाही, म्हणून तो दिवस चोरासारखा तुम्हाला गाठणार नाही.

यातलं शेवटचं वचन सगळ्यात परिणामकारक होतं, कारण ते वाचणाऱ्याला निवडून घेतं. तू अंधारातला की उजेडातला? उजेडातला असशील तर तुला तारीख कळेल. तारीख न मानणारा आपोआप अंधारात जातो. पण त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात पौल लिहितो की काळ आणि समय यांविषयी तुम्हाला लिहायची गरज नाही. आणि सहाव्या ते आठव्या वचनात उजेडातल्या माणसाने करायच्या गोष्टी येतात : जागं राहावं, सावध असावं, विश्वास आणि प्रीती यांचं उरस्त्राण घालावं, तारणाच्या आशेचं शिरस्त्राण घालावं. दिनदर्शिका कुठेच नाही. रोजचं जगणं आहे.

मला इथे यिर्मया या संदेष्ट्याची आठवण होते. त्याच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात, याजकांच्या आणि सर्व लोकांच्या देखत सांगतो की दोन वर्षांच्या आत बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, मोडेल. तारखेसह भविष्य, आणि तेही लोकांना हवं असलेलं. यिर्मया ताडकन ‘खोटं’ म्हणत नाही. आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर तसं करो. मग आठवण करून देतो की संदेष्ट्याचं वचन पूर्ण होईल तेव्हाच तो परमेश्वराने पाठवलेला म्हणून ओळखला जाईल. पुढच्याच अध्यायात यिर्मया स्वतः आकडा देतो, सत्तर वर्षांचा. पण त्या आकड्यासोबत तो बाबेलला नेलेल्या बंदिवानांना काय करायला सांगतो? घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा.

२०११ च्या तारखेने उलट केलं. तिने घरं रिकामी केली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक सेवेतून निवृत्त झालेल्या एका साठ वर्षांच्या माणसाने आयुष्यभराच्या बचतीतले सुमारे १ लाख ४० हजार डॉलर जाहिरातींवर खर्च केले आणि त्या संध्याकाळी तो बातमीदारांच्या गराड्यात टाइम्स स्क्वेअरमध्ये उभा होता. एका तरुण जोडप्याने नोकऱ्या सोडल्या आणि शिल्लक पैसे २१ मेपर्यंत पुरतील असा खर्चाचा आराखडा केला. त्यांना एक लहान मुलगी होती, आणि जून महिन्यात दुसरं बाळ व्हायचं होतं. व्हिएतनामच्या डोंगराळ डिएन बिएन प्रांतात मे महिन्याच्या सुरुवातीला हजारो ह्मोंग लोक एकत्र जमले आणि सरकारने बळ वापरून तो जमाव मोडला. त्यांतल्या काही जणांपर्यंत कॅम्पिंग यांचं भाकीत पोचलं होतं, असं तेव्हाच्या वार्तांकनात आलं. ओकलंडमधल्या एका खोलीतल्या हिशेबाने किती दूरवर किती घरं हलवली, ते एवढ्यावरून दिसतं.

सोमवारी संध्याकाळी

रविवारी कॅम्पिंग घराच्या दारात एवढंच बोलले की मी चक्रावून गेलो आहे, उत्तर शोधतो आहे. सोमवारी, २३ मेला, ते ‘ओपन फोरम’मध्ये आले आणि उत्तर सापडल्याचं त्यांनी सांगितलं. २१ मेला न्याय आला, पण आत्मिक रीतीने. सगळं जग आता न्यायाखाली आहे. भूकंप दिसला नाही, कारण तो आध्यात्मिक होता. शेवट ठरल्याप्रमाणे २१ ऑक्टोबरलाच. १९९४ ची युक्ती पुन्हा कामी आली.

देणग्या परत करणार का, असं विचारल्यावर त्यांनी नकार दिला. ज्यांनी सर्वस्व खर्चलं त्यांना सल्ला देण्याची जबाबदारीही त्यांनी घेतली नाही. आम्ही आर्थिक सल्ला देत नाही, आम्ही देवाकडे बोट दाखवतो, अशा अर्थाचं ते बोलले. या प्रकरणात मला सर्वांत जड जाणारी जागा हीच आहे. तारीख चुकणं एक वेळ समजू शकतं. ज्या मेंढरांनी आपल्या आवाजावर घरदार ओतलं त्यांच्यासमोर उभं राहून हिशेबाचीच भाषा बोलणं मला समजत नाही. यहेज्केल ३४ मधल्या मेंढपाळांवर परमेश्वराचा राग का आहे ते इथे कळतं. दुबळ्यांना त्यांनी बळ दिलं नाही, मोडलेल्यांना पट्टी बांधली नाही, भटकलेल्यांना परत आणलं नाही.

दुसरीकडे, कॅलिफोर्नियातल्याच मिल्पीटास गावच्या एका मंडळीचे लोक त्या शनिवारी फॅमिली रेडिओच्या कचेरीबाहेर गेले होते. चिडवायला नव्हे. जे खचतील त्यांच्याशी बोलायला, आणि दुसऱ्या दिवशीच्या उपासनेला या असं सांगायला. ज्या मंडळ्यांना कॅम्पिंग यांनी सैतानाच्या ठरवलं होतं त्यांतलीच ती एक.

पत्र, आणि नंतर

जूनमध्ये कॅम्पिंग यांना पक्षाघाताचा झटका आला. २१ ऑक्टोबर आला आणि गेला. मार्च २०१२ मध्ये त्यांनी आणि फॅमिली रेडिओच्या मंडळाने श्रोत्यांना पत्र लिहिलं. तारीख सांगणं चुकीचं आणि पापमय होतं असं त्यात सरळ कबूल केलं. मत्तय २४:३६ चा दाखला देणाऱ्या टीकाकारांचं बरोबर होतं असं मान्य केलं, आणि यापुढे दुसरी तारीख शोधण्यात रस नाही असं सांगितलं.

त्या पत्राबद्दल मला आदर आहे. तारखा देणारे बहुतेक लोक इतकं स्पष्ट कधीच बोलत नाहीत. तरी त्यात एक अपुरेपण आहे. मोहिमेमुळे किती असंख्य लोकांचं लक्ष बायबलकडे गेलं, याचं समाधानही त्याच पत्रात आहे. आणि सर्वांत मूळची गोष्ट, म्हणजे ‘मंडळ्या सोडा’ ही शिकवण, त्या पश्चात्तापाचा विषय झाली नाही. तारीख मागे घेतली. मंडळीबाहेर काढलेली माणसं बाहेरच राहिली.

त्याचा परिणाम दिसला. कॅम्पिंग १५ डिसेंबर २०१३ ला वारले. त्यांच्याच शिकवणीतून आलेल्या ‘ई-बायबल फेलोशिप’ या गटाने पुढे ७ ऑक्टोबर २०१५ ही तारीख दिली. रीत ओळखीची होती : प्रकटीकरण १४:२० मधला १६०० हा आकडा घ्यायचा आणि २१ मे २०११ नंतर तितके दिवस मोजायचे. जो दिवस खोटा ठरला होता, तोच नव्या हिशेबाचा पाया झाला. कॅम्पिंग यांच्या शिकवणीपासून फॅमिली रेडिओने स्पष्टपणे फारकत घेतली आणि त्यांचे जुने कार्यक्रम लावणं थांबवलं, ते २०१८ साली.

आपल्याकडे

महाराष्ट्रात असले फलक कोणी लावत नाही, पण फोनवर येणारे व्हिडिओ सगळ्यांकडे आहेत. रक्तवर्ण चंद्र, इस्राएलमधली लढाई, एखादा नवा व्हायरस, आणि त्यावर कोणाचा तरी हिशेब. आमच्या गटात असं काही आलं की आम्ही वचनांची यादी वाचत नाही. त्यातलं एक वचन घेतो आणि तो अख्खा अध्याय मोठ्याने वाचतो. बिरुया नगरातले लोक दररोज शास्त्रात शोध करत असत, असं प्रेषितांची कृत्ये १७:११ सांगतं. पौलासारख्याचं बोलणंही त्यांनी तसंच तपासलं आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्यांना थोर मनाचे म्हटलं. बहुतेक वेळा अध्याय संपेपर्यंत व्हिडिओचा जोर ओसरलेला असतो.

तारखेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर मी जास्त लक्ष ठेवतो. घरोघरच्या प्रार्थनासभांत एखादा भाऊ किंवा ताई म्हणू लागते की तुमच्या पाळकांना हे कळणार नाही, त्यांना विचारू नका, तिथे आत्मा नाही, इकडे या. हे म्हणणारा माणूस उपासतापास करणारा असेल, एक पैसा घेत नसेल, त्याच्या प्रार्थनेने आजारी बरे झाल्याच्या साक्षी असतील. त्याची तारीख अजून आलेलीच नसते. तरी माझ्या दृष्टीने सावध होण्याची वेळ तीच. इफिस नगरातल्या मंडळीच्या वडिलांना निरोप देताना पौल म्हणाला होता की तुमच्यातूनच माणसं उठतील आणि शिष्यांना आपल्यामागे ओढून नेण्यासाठी विपरीत गोष्टी बोलतील. शिष्यांना ओढून नेणं आणि विपरीत बोलणं, दोन्ही त्या एकाच वाक्यात आहेत.

आणि जे ओढले गेले ते परत येतात तेव्हा? आपल्या छोट्या मंडळ्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून परतणं फार अवघड असतं. ‘आम्ही सांगितलं होतं ना’ हे वाक्य दारातच उभं असतं. थेस्सलनीका नगरातल्या मंडळीत प्रभूचा दिवस आलाच आहे अशी अफवा पसरली होती, आणि काही जण कामधंदा न करता नुसते भटकत होते. त्यांना पौलाने कडक शब्दांत काम करायला लावलं, आणि लगेच पुढे लिहिलं की न ऐकणाऱ्याला शत्रू समजू नका, बंधू समजून बोध करा. अशा माणसाला पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर आपल्या अनुभवाची साक्ष द्यायला उभं करू नये, असं माझं मत आहे. नोकरी गेली असेल तर नोकरी शोधायला मदत करावी, कर्ज झालं असेल तर ते बसून समजून घ्यावं, आणि बायबलचा वर्ग त्याने स्वतःहून मागेपर्यंत थांबावं.